बंद काचेतून येणारा वारा

गाडीच्या दाराचं काम हातात घ्यायच्या आधी नाथाजी लवटे गाडीत बसून घ्यायचा. ही त्याची रीत होती. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, मोठं असो की ओळखीतलं असो, आधी महामार्गावर एक फेरी झालीच पाहिजे. गाडी गिऱ्हाइकाने चालवायची, नाथाजीने शेजारी बसायचं. शेंद्र्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि गाडीने वेग धरला, की तो डोळे मिटायचा आणि तोंड किंचित उघडं ठेवायचा. गिऱ्हाईक बोलायला लागलं तर हात वर करून त्याला गप्प करायचा. मग केव्हातरी, डोळे न उघडताच, हात लांब करून काचेच्या कडेला एका जागी बोट टेकवायचा.

"हितनं येतंय."

दुकानात येऊन तिथलं रबर उचकटलं, की खाली काहीतरी सापडायचंच. कधी केसाएवढी चीर, कधी दबलेला कोपरा, कधी आत जाऊन वाळलेलं बाभळीचं पान. बंद काचेच्या कडेने वारा शिरला की गाडीत शिट्टी वाजते, आणि जिथून वारा शिरतो तिथूनच बहुतेक वेळा पावसाचं पाणीही शिरतं. एकदा शिट्टीची जागा सापडली, की पुढचं काम हातांचं. ते करणारे साताऱ्यात कमी नव्हते. पण जागा सापडायची ती नाथाजीलाच. पाचगणीच्या शाळांत पोरांना सोडायला येणाऱ्या मोठ्या गाड्या घाट उतरल्यावर त्याच्या दारात थांबायच्या. दुसरे गॅरेजवालेसुद्धा सांगायचे, "शिट्टी आसंल तर लवट्याकडं न्या. आमच्या डोक्याला ताप नको." महामार्गाच्या कडेला त्याचं पत्र्याचं दुकान होतं, मागे दोन खोल्यांचं घर. दुकानावर पाटी होती: 'लवटे ग्लास आणि रबर. गळती व वाऱ्याचा आवाज बंद करून मिळेल.'

तो मूळचा आटपाडीच्या पुढचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. पोरपणी तो आज्याबरोबर कळपामागे कृष्णाकाठापर्यंत यायचा. उसाच्या रानात मेंढरं बसवायची, खत द्यायचं, पुढे निघायचं. पुढे दुष्काळात कळप विकला आणि बापाने त्याला सांगलीत गुंडा मिस्त्रीच्या हाताखाली दिलं. गुंडा मिस्त्री गाड्यांच्या काचा बसवायचा. माणूस सीमेकडचा, चिडला की कानडीत शिव्या द्यायचा आणि कौतुक करायचं झालं तर गप्प बसायचा. या पोराला कान आहे हे पहिल्यांदा त्यानेच ओळखलं. कळपातलं कोणतं कोकरू खोकतंय हे अंधारात सांगणाऱ्या पोराला काचेची फट सापडणं अवघड नव्हतं. गुंडा मिस्त्री गेल्यावर नाथाजी साताऱ्यात आला, हरणाबाईशी लग्न झालं, मुलगी रेश्मा झाली, तिला मिरजेला दिली. कानावर सगळं उभं राहिलं.

गेल्या पावसाळ्यात उजवा कान ठणकायला लागला.

ठणका असा, की रात्री उशीला कान टेकवता येईना. हरणाबाईने पळीत गोडं तेल कडवलं, त्यात लसणाच्या पाकळ्या काळ्या होईपर्यंत परतल्या. बोट बुडवून बघितलं आणि त्याला कुशीवर निजवलं.

"लय ऊन हाय गं."

"उनच लागतं. गप पडा. आमच्या आईनं आमच्या समद्यांच्या कानात सोडलंय. कुणाचं काय बिघडलं?"

तेल आत उतरलं तसा तो दात आवळून पडून राहिला. सकाळी ठणका थांबला होता. हरणाबाई समाधानाने म्हणाली, "बगा, म्हनलं नव्हतं?" तिने आणखी दोन वेळा सोडलं. मग कान वाहायला लागला. वाहायचा थांबला, तेव्हा त्या बाजूला काही उरलं नव्हतं. डावा कान आधीपासूनच कामापुरता होता. सगळी भिस्त उजव्यावर होती.

शहरातल्या कानाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून आत बघितलं. मग म्हणाले, "पडद्याला आधीच भोक होतं. त्यातून गरम तेल आत गेलं. आतलं सगळं खराब झालंय. हे तेल घातलं कुणी?"

हरणाबाई पिशवी छातीशी धरून स्टुलाशेजारी उभी होती.

"मीच," नाथाजी म्हणाला.

डॉक्टर त्यालाच बोलले, भरपूर बोलले. तो मान हलवत राहिला. शेवटी त्यांनी सांगितलं, की समोरून बोललेलं डाव्या कानाला कळेल, जाडे आवाज कळतील, पण बारीक आवाज आता येणार नाहीत. यंत्र लावून बघा म्हणाले. त्याने लावून बघितलं. घरात बरं होतं. पण गाडीने वेग धरला, की त्या यंत्रात इंजिन, टायर, वारा असा सगळा एकच गलका उसळायचा. त्यातून शिट्टी वेगळी काढणं म्हणजे बाजारात सुई पडल्याचा आवाज ऐकण्यासारखं होतं. यंत्र कपाटात गेलं.

 दोघं त्या विषयावर नंतर कधी बोलले नाहीत. फक्त हरणाबाईने ती पळी वापरायची सोडून दिली. फोडणी कढईतच करायला लागली.

नाथाजीने कुणाला सांगितलं नाही. गिऱ्हाइकाने गाडी चालवायची आणि आपण डोळे मिटून बसायचं, हे त्याने चालूच ठेवलं. पण आता तो डोळे अर्धे उघडे ठेवून गिऱ्हाइकाकडे बघायचा. शिट्टी सुरू झाली की माणूस नकळत त्या बाजूला मान वळवतो. कोणी कपाळाला आठी घालतो, कोणी काचेकडे तिरका बघतो. तेवढ्यावरून बाजू कळायची. मग दुकानात आल्यावर काचा-दारं लावून घ्यायची, आतला पंखा पुऱ्या वेगाने सोडायचा आणि बाहेरून काचेच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवायची. जिथे धूर हलला तिथे फट. साध्या गाड्यांना एवढं पुरायचं. दाराला वर लोखंडी चौकट असते, काच तिच्या खाचेत धरलेली असते, फट असली तर उभ्या गाडीतही दिसते. दिवाळीपर्यंतचा काळ असाच निभावला. उदबत्तीचा वास दुकानात कायमचा बसला, आणि एकदोघे म्हणालेही, "नाथाजी लय देवभोळं झालंय."

दिवाळीनंतर पलूसचे लालासाहेब आले.

लालासाहेब सैन्यातून सुभेदार होऊन परतलेले. घरचा ऊस, द्राक्षं, मिशा अजून परेडच्या. त्यांची गाडी बघायला शेजारचा पंक्चरवाला हात पुसत येऊन उभा राहिला. परदेशी, दोन दारांची, वर कापडी छप्पर. बटण दाबलं की छप्पर मागे जाऊन डिकीत गुंडाळून बसायचं. पुण्यातल्या कुणाकडून जुनीच घेतलेली.

"नाथाजी लवटे तुमीच का?"

"व्हय. बसा की."

"बसायला आलो न्हाई. ही बया शिट्टी मारती. आनि पाऊस आला की मांडीवर पाणी सोडती. आमची मंडळी एकदाच बसली हिच्यात. कडेगावपत्तूर गप व्हती. मग म्हणाली, उतरवा मला, मी यष्टीनं येते. यष्टी निदान खडखडती, केकाटत तरी न्हाई."

पंक्चरवाला हसला. नाथाजी लालासाहेबांच्या ओठांकडे बघत होता. तोही हसला, पण जरा उशिरा.

"घाई हाय का?"

"आमच्या विश्वजितचं लगीन हाय. नवरी मेढ्याची. लगीन तिकडं, वरात हिकडं. नवरानवरी हिच्यातनं आणायची म्हणतोय. आता नवरी सासरी येताना वाटंनं शिट्ट्या ऐकत यायची व्हय? लोक सांगत्यात, तुमचं बोट जिथं पडतं तिथंच भोक असतं."

हे ऐकताना नाथाजीची नजर गाडीच्या दाराकडे गेली. असल्या गाडीच्या दाराला वर चौकटच नसते. नुसती काच. दार उघडायला कडी ओढली की काच बोटभर खाली सरकते, दार लागलं की परत वर चढते आणि छपराच्या रबरात जाऊन रुतते. ती किती चढते, किती कलते, किती जोरात रुतते, यावर सगळं. असलं काम त्याने पूर्वी केलं होतं, पण ते कानाने. आता नाही म्हणावं, तर कारण सांगावं लागलं असतं. आणि कारण एकदा तोंडातून बाहेर पडलं, की साताऱ्यापासून सांगलीपर्यंत त्याला अडवणारी चौकट नव्हती.

"चला, एक फेरी मारू," तो म्हणाला.

महामार्गावर गाडीने वेग घेतला. नाथाजीला खालून येणारी घरघर तेवढी कळत होती, गोधडीच्या आतून ऐकावी तशी. त्याने डोळे मिटल्यासारखे केले. लालासाहेबांचा उजवा खांदा वर गेला, मान वळली, हनुवटी मागच्या बाजूला झुकली. नाथाजीने त्यांच्या पाठीमागून हात लांब करून उजव्या काचेच्या मागच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं.

"हितनं."

लालासाहेबांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "मानलं तुमाला."

नाथाजीने हात मागे घेतला.

दुकानात त्याने दाराच्या वरचं रबर सोडवलं, तर आतून गुलाबी लगदा निघाला. खाचेत, पाणी वाहून जायच्या भोकात, छपराच्या घडीत, सगळीकडे तोच.

"सुभेदार, गुलाल कवा उधळला?"

"आवं, गेल्या साली सोसायटीत आमचं पॅनेल आलं. छप्पर उघडून मिरवणूक काढली. पोत्यानं गुलाल. मी सोताला आरशात वळखलं न्हाई."

"आनि गाडी धुतली कशानं?"

"द्राक्षावर औषध मारायच्या पंपानं. लय जोर हाय त्येला. सगळं निघालं की."

"निघालं न्हाई, आत गेलं," नाथाजी म्हणाला. बोटावर लगदा घेऊन त्याने दाखवला. पाणी जायची वाटच बुजली होती, म्हणून ते मांडीवर येत होतं. मग त्याने रबर अंगठ्याने दाबलं. ते मऊ, फुगलेलं, तुकतुकीत होतं. "आनि ह्ये चिकट काय लावलंय?"

"गोडं तेल. कुणीतरी म्हनलं, रबर चमकतं."

"रबराला खायचं तेल कवा लावू नये, सुभेदार. वरनं मऊ वाटतं. आतनं फुगतं, सडतं, परत पयल्यासारखं व्हत न्हाई. चांगलं व्हावं म्हणून लावत्यात माणसं, पर..."

तो थांबला. हरणाबाई चहा घेऊन मागे उभी होती. तिने कप फळीवर ठेवले, कुणाकडे न बघता आत गेली, आणि ताटली तिथेच विसरली.

"चहा घ्या," नाथाजी म्हणाला.

गाडी त्याच्याकडे ठेवून लालासाहेब दुसऱ्याच्या जीपने गेले. नाथाजीने काम मन लावून केलं, त्यात कसूर नव्हती. गुलाल काडीने, ब्रशाने, साबणाच्या पाण्याने काढला. पाण्याच्या वाटा तारेने मोकळ्या केल्या. पुण्याहून नवीन रबर मागवून बसवलं. रबराला अंगाला लावायची पावडर फासली, दार लावलं, उघडलं, आणि काचेवर उमटलेली पांढरी रेघ बघितली. मागच्या कोपऱ्यात रेघ तुटत होती. दाराचं आतलं अस्तर काढून काचेचे बोल्ट ढिले केले, काच जराशी आत कलवली, परत बघितलं. रेघ सलग आली. कागदाची पट्टी काच आणि रबराच्या मध्ये धरून दार लावलं आणि ओढली, सगळीकडे सारखीच घट्ट. वरून पाईपने पाणी सोडलं, आतली गादी कोरडी. उदबत्ती फिरवली, धूर सरळ वर गेला.

जे डोळ्यांनी बघता येतं ते सगळं झालं होतं. राहिली ती महामार्गावरची फेरी. तो टायरवर बसून गाडीकडे बघत राहिला. लालासाहेब दुसऱ्या दिवशी येणार होते.

हरणाबाई दारात आली. तिने त्याच्या समोर येऊन, ओठ दिसतील असं बोलायची सवय करून घेतली होती.

"मी बसते की."

"कुठं?"

"गाडीत. माझं कान हायेत न्हवं धड? तुमी चालवा. मी सांगते."

तो तिच्याकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत ती गिऱ्हाइकाच्या गाडीत कधी बसली नव्हती. तसा दंडकच होता. पण तिने पदर खोचून घेतला होता, चपला बदलल्या होत्या. ती विचारायला नाही, निघायला आली होती.

ती सीटवर अगदी कडेला बसली, दाराला धक्का लागू नये अशी. पट्टा त्याने लावून दिला. काच वर चढली आणि रबरात रुतली, तशी बाहेरची ट्रकांची घरघर दूर गेली. हरणाबाईने चकित होऊन काचेवर तळवा ठेवला. आयुष्यभर ती एसटीत बसली होती, वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसली होती, टेम्पोत मागे पोत्यांवर बसली होती. सगळीकडे वारा तोंडावर.

शेंद्रे मागे पडलं. नाथाजीने वेग वाढवला. तिच्याकडे मान वळवून विचारलं, "येतोय का आवाज?"

"कशाचा?"

"वाऱ्याचा. शिट्टीवाणी."

तिने डोळे मिटले, तो मिटायचा तसे. तोंडही उघडं ठेवलं. मग मान हलवली. "न्हाई. लय गप हाय. देवळात बसल्यावाणी."

"नीट ऐक." त्याने आणखी वेग वाढवला. "आता?"

"न्हाई म्हनलं की."

नागठाण्याला त्याने गाडी बाजूला घेतली. उसाच्या रसाच्या गाड्यावर दोघांनी रस घेतला. आलं जास्त घातलं होतं, हरणाबाईला ठसका लागला, आणि नाथाजी हसला. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता. परत येताना तो तिला सांगत होता, की असल्या गाडीत एकदा बसलं की दुसरीत बसवत नाही, म्हातारपणी घेऊ एखादी. ती म्हणाली, "आदी पत्रं बदला. वळवात गळत्यात."

दुसऱ्या दिवशी लालासाहेब गाडी घेऊन गेले. दार लावून बघितलं, पाण्याचा पाईप मारून बघितला, खूश झाले. लग्नाला यायचं म्हणून बजावून गेले.

दुपारी फोन वाजला. फोन आता हरणाबाईच घ्यायची. ती "व्हय जी... व्हय... बरं," एवढंच बोलली. फोन ठेवून त्याच्यासमोर आली.

"सुभेदार कराडातनं माघारी फिरल्यात. शिट्टी हाय तशीच हाय म्हणत्यात."

नाथाजीच्या हातातला पाना हातातच राहिला. "तुला ऐकू आली न्हाई?"

तिने पदराला हात पुसले.

"हरणे, आली न्हाई का?"

"बारीक कायतरी येत व्हतं," ती म्हणाली. "चहाला आदण आल्यावाणी. मला वाटलं, शिट्टी म्हंजे लय मोठी येत आसंल, मानूस दचकंल आशी. एवढं बारीक तर... मला वाटलं, गाडी तशीच बोलत आसंल. मी कवा बसलीया आसल्या गाडीत?"

तो तिच्यावर चिडला नाही. चिडायला काही जागाच नव्हती. एसटीतून उतरलेल्या माणसाला ती गाडी देवळासारखी वाटणारच. हे त्याला आधी कळायला हवं होतं, आणि कळलं नव्हतं, कारण कळून घ्यायचं नव्हतं.

लालासाहेब आले ते रागात नव्हते. तेच जास्त जड गेलं. "नाथाजी, पाण्याचं काम एक नंबर झालंय. पर शिट्टी न्हाई गेली. तुमी बसला व्हता न्हवं हिच्यात?"

"बसलो व्हतो."

"मग?"

नाथाजीने छपराच्या कापडावर हात ठेवला. "उभ्या गाडीत फट दिसत न्हाई, सुभेदार. वेगात ह्ये कापड फुगतं, काच भाईर वढली जाती, तवा कुठंतरी सांद पडती. कुठं, ते कानालाच कळतं."

"तेच म्हणतोय मी. तुमचा कान..."

"मला ऐकू येत न्हाई."

लालासाहेबांना वाटलं, की तो पुन्हा सांगा म्हणतोय. त्यांनी आवाज चढवला. "म्हनलं, तुमचा कान..."

"आवाज चढवू नका. तुमचं बोलणं कळतंय. शिट्टी कळत न्हाई. पावसाळ्यापासनं. त्या दिशी बोट ठेवलं, ते तुमच्या तोंडाकडं बघून."

शेजारच्या दुकानातला हातोडा चालू होता. लालासाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"कशानं झालं?"

"कान दुखत व्हता. तेल घातलं मी."

"त्येंनी न्हाई," हरणाबाई दारातून म्हणाली. "मी घातलं."

नाथाजीला ते ऐकू आलं नाही. ती त्याच्या उजव्या बाजूला, मागे होती. लालासाहेबांची नजर आपल्या खांद्यावरून पलीकडे गेल्याचं त्याने बघितलं, म्हणून तो वळला. तिचा चेहरा बघितला आणि काय बोलली असेल ते त्याला कळलं.

"आत जा तू," तो म्हणाला.

ती गेली नाही.

लालासाहेब घसा खाकरून म्हणाले, "तोफखान्यात आमच्यातलं निम्मं असंच. पेन्शनीत निघूपत्तूर कुणी बोलायचं न्हाई. मलाबी एका बाजूनं कमीच येतं." मग म्हणाले, "पर नाथाजी, तुमी आदी सांगितलं असतं तर..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. लग्न तोंडावर आलं होतं. नाथाजीने किल्ली त्यांच्या हातात दिली आणि पुण्यात कुणाकडे न्यायची ते सांगितलं. निघताना लालासाहेब हरणाबाईला "येतो वैनी" असं एवढ्या मोठ्याने म्हणाले, की पंक्चरवाल्याने वर बघितलं. तिला तर लख्ख ऐकू येत होतं.

लालासाहेबांनी बदनामी केली नाही. ते तसे नव्हते. लग्नात कुणीतरी विचारलं असेल, हे कुणाकडनं केलं; त्यांनी खरं ते सांगितलं असेल, आणि वर हळहळलेही असतील. हळहळीने बातमी लवकर पोचते. पौषापर्यंत पाचगणीच्या गाड्या थांबेनाशा झाल्या. टेम्पो, जीप, ट्रॅक्टरच्या केबिनची काच एवढं येत राहिलं. त्यांच्या मालकांना शिट्टीचं काही नसतं. नाथाजीने स्वतः स्टुलावर चढून पाटीवरची खालची ओळ पांढऱ्या रंगाने पुसली. एका हाताने ती लपेना, म्हणून दुसरा हात मारला.

तो स्टुलावरून उतरला तेव्हा हरणाबाई समोर उभी होती.

"मला शिकवा."

"काय?"

"शिट्टी. कशी आसती, कुठली वाऱ्याची, कुठली गाडीची. मी बसत जाईन संगं. ह्या वख्ताला चूक व्हनार न्हाई."

"काय शिकवू तुला?" तो कधी नव्हे एवढ्या जोरात बोलला. "मला याद न्हाई गं ती. कानातनं गेली तशी डोक्यातनंबी गेली. इतकी वर्सं ऐकली, आनि आता आठवाया बसलो तर नुसतं वारंच येतं."

हरणाबाई तिथून हलली नाही. तिने त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला, रॉकेलच्या डब्यात ठेवला आणि टायरवर बसली. तिच्या नखांत पांढरा रंग लागला होता. उलट बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. थोड्या वेळाने तो तिच्यासमोर उकिडवा बसला. ओठ गोल केले. हवा सोडली.

"आशी व्हती का? त्या दिशी?"

"न्हाई. ही जाड हाय."

त्याने ओठ आणखी आवळले, जीभ वर घेतली.

"आता?"

"आता तर नुसती हवाच येतीया. शिट्टीच न्हाई."

त्याला हे कळलं नव्हतं. त्याने पुन्हा फुंकलं. समोरून उसाची ट्रॉली गेली, जमीन हादरली, ती जाईपर्यंत दोघं थांबले. मग त्याने पुन्हा ओठ लावले, थोडे इकडे, थोडे तिकडे. त्याच्या ओठांना फक्त थंड वारा लागत होता. हरणाबाई डोळे मिटून, मान त्याच्याकडे करून ऐकत होती. मध्येच तिने हात वर केला, तो गिऱ्हाइकाला गप्प करायला करायचा तसा.

"हां. ही. आशीच व्हती."

नाथाजीने ओठ तसेच धरून ठेवले. हलवले असते तर पुन्हा सापडले नसते. तिचे डोळे मिटलेलेच होते, म्हणून तो फुंकत राहिला. आवाज अजून येतोय की थांबलाय, ते तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला ठरवता येईना.